वैद्याला कधीही न भेटणारा रुग्ण : कोट्टक्कलच्या आर्य वैद्य शालेच्या उभारणीचा प्रकरण अभ्यास

१९०२ साली मलबारमधील कोट्टक्कल या लहानशा गावात पी. एस. वारियर या तेहतीस वर्षांच्या वैद्याने ‘आर्य वैद्य शाला’ या नावाने तयार आयुर्वेदीय औषधे विकण्यास आरंभ केला. मलबार, म्हणजे आजच्या केरळचा उत्तर भाग, त्या वेळी मद्रास इलाख्यातील एक जिल्हा होता. सरकारी मान्यता, सरकारी दवाखाने आणि सरकारी नोकऱ्या या तिन्ही गोष्टी पाश्चात्त्य वैद्यकाच्या बाजूला होत्या, आणि देशी वैद्यक आपल्याच भूमीत ‘दुसरे’, पर्यायी वैद्यक ठरत चालले होते. अशा काळात, मोठे शहर नाही, राजाश्रयाची खात्री नाही, हाताशी मोठे भांडवल नाही, अशा परिस्थितीत सुरू झालेला हा व्यवसाय एका माणसाच्या हयातीत औषधनिर्मिती, मासिक, पाठशाळा, धर्मादाय रुग्णालय आणि नाट्यसंस्था एवढा विस्तारला, आणि संस्थापकाच्या मृत्यूनंतरही मोडला नाही.

वैद्यकीय व्यवसाय कसा उभारावा, याची चर्चा आपल्याकडे बहुधा पाटी, पत्रक आणि प्रसिद्धी यांपासून सुरू होते. कोट्टक्कलचे प्रकरण निराळ्या जागेवरून सुरू होते, म्हणून ते सविस्तर मांडण्याजोगे वाटते. वारियरांनी सर्वप्रथम रुग्णाच्या डोक्यावरचा एक भार ओळखला व तो उतरवला. त्या एका निर्णयातून वैद्याला कधीही न भेटणारा असा एक नवा रुग्ण जन्माला आला, आणि पुढच्या चाळीस वर्षांतील त्यांचे बरेचसे निर्णय या रुग्णाची जबाबदारी कशी घ्यावी या प्रश्नाची उत्तरे म्हणून वाचता येतात. या अभ्यासाचा धागा तोच आहे.

रुग्णावरचा भार

त्या काळी केरळात वैद्याकडे गेलेला रुग्ण औषध घेऊन परतत नसे. तो औषधांची यादी घेऊन परतत असे. यादीतील काही द्रव्ये बाजारातील काष्ठौषधींच्या दुकानात मिळत, काही परसात किंवा रानात शोधावी लागत, आणि काहींच्या बाबतीत आणलेली मुळी खरोखर तीच आहे की तिच्यासारखी दिसणारी दुसरी, हे ओळखण्याइतके ज्ञान घरात कोणालातरी असावे लागे. रास्नासप्तकासारख्या काढ्यात सातच द्रव्ये असतात. महारास्नादी काढ्यात ती पंचविसाच्या घरात जातात. ती सगळी जमवून, निवडून, धुऊन, कुटून भरड करायची. शार्ङ्गधर या जुन्या ग्रंथकाराने सांगितलेल्या प्रमाणानुसार द्रव्याच्या सोळा पट पाणी घालून मंदाग्नीवर ते एक अष्टमांश उरेपर्यंत आटवायचे, मग गाळायचे. असा काढा दुसऱ्या दिवसापर्यंत टिकत नाही, म्हणून हा सारा खटाटोप रोज करायचा, आणि सांगितले असेल तर दोन महिने करायचा.

हे काम कोण करत असे, याचाही विचार केला पाहिजे. रुग्ण अंथरुणाला खिळलेला असेल तर चुलीपाशी बसणारी घरातील स्त्रीच असे, आणि तीच आजारी असेल तर औषध होतच नसे. मजुरी करणाऱ्या कुटुंबाला दोन तास चूल पेटती ठेवण्याइतके सरपण आणि वेळ काढणे अवघड होते. म्हणजे वैद्याचे निदान अचूक असले, योजना शास्त्रशुद्ध असली, तरी उपचार रुग्णाच्या स्वयंपाकघरात येऊन अडत होता. तेलांची गोष्ट तर आणखीच कठीण. क्षीरबला तेलाचे एकशे एक आवर्तन म्हणजे तेच तेल बलामूळ आणि दुधासह पुन्हा पुन्हा सिद्ध करणे. हे कोणत्याही घरात होण्याजोगे नाही. ते ज्यांच्या पदरी वैद्य आणि नोकर होते अशा मोठ्या घराण्यांपुरतेच राहिले.

दुसरीकडे सरकारी दवाखान्यातील डॉक्टर बाटलीत तयार मिश्रण देत होता. ते घेऊन रुग्ण सरळ घरी जाई. देशी वैद्यक मागे पडण्याची कारणे सांगताना परकीय सत्तेचा पक्षपात सांगितला जातो, आणि तो होताच. परंतु औषध हातात मिळणे आणि औषधाची यादी हातात मिळणे यांतील फरक रुग्णाला कोणी समजावून सांगण्याची गरज नव्हती. वारियरांची मोठी जाण अशी की त्यांनी या फरकाकडे पाठ फिरवली नाही.

दोन गुरू

ही जाण त्यांना कोठून आली, याचे उत्तर त्यांच्या शिक्षणात मिळते. पन्नियिनपळ्ळी शंकुण्णी वारियर यांचा जन्म १८६९ चा. देवळातील सेवेशी परंपरेने जोडलेल्या समाजातले हे कुटुंब कोट्टक्कलचे. केरळात अष्टवैद्य म्हणून ओळखल्या जाणाऱ्या घराण्यांकडे वाग्भटाच्या अष्टांगहृदय या आयुर्वेदग्रंथाची परंपरा पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली होती; त्यांपैकी कुट्टनचेरी मूस यांच्याकडे वारियरांनी गुरुगृही राहून आयुर्वेदाचे शिक्षण घेतले. संहिता मुखोद्गत करणे, गुरूबरोबर रुग्ण पाहणे, औषध सिद्ध होताना शेजारी उभे राहणे, असे ते शिक्षण होते.

पुढे स्वतःच्या डोळ्यांच्या विकारावर उपचार घेण्यासाठी ते मंजेरी येथील डॉ. व्ही. वर्गीस यांच्याकडे गेले. उपचार झाल्यावर त्यांनी त्याच डॉक्टरांकडे राहून पाश्चात्त्य वैद्यक शिकून घेतले, आणि त्यासाठी लागणारे इंग्रजीही शिकले. परंपरागत वैद्याने हे करणे त्या काळी सोपे नव्हते. दवाखान्याची शिस्त, रुग्णाची नोंद, ठरलेल्या मात्रेत तयार असलेले औषध, शस्त्रकर्मातील स्वच्छता हे सारे त्यांनी आतून पाहिले. परत येऊन त्यांनी डॉक्टरकीची पाटी लावली नाही. जे शिकले ते आयुर्वेदाच्या व्यवस्थेत कोठे बसवता येईल, हे पाहिले.

पर्यायी वैद्यकाचा व्यवसाय उभारणारे पुष्कळ जण मुख्य प्रवाहातील वैद्यकाला नावे ठेवून आपली ओळख तयार करतात. तो मार्ग झटपट लक्ष वेधून घेतो हे खरे; पण त्या मार्गाने गेलेल्या माणसाला प्रतिस्पर्ध्याकडून काही शिकता येत नाही. वारियरांनी शिकून घेतले, आणि त्यांचा पुढचा व्यवसाय त्या शिकण्यावर उभा राहिला.

निर्णय

तयार आयुर्वेदीय औषधांची कल्पना त्यांचीच होती असे म्हणता येणार नाही. आपल्या पनवेलला कृष्णशास्त्री पुराणिक यांनी १८७२ मध्येच श्री धूतपापेश्वर औषधी कारखाना सुरू केला होता. बंगालमध्ये कोलकात्याच्या कविराजांची, म्हणजे तिकडच्या वैद्यांची, औषधालये चालू होती आणि ढाक्याचे शक्ती औषधालय १९०१ चे. टपाल खात्याची व्हीपीपीची, म्हणजे पार्सल हाती देताना पैसे घेण्याची, सोय १८७७ पासून उपलब्ध होती, त्यामुळे दूरच्या ग्राहकाकडून पैसे वसूल करण्याची अडचण राहिली नव्हती. मलबारमध्ये तिरूरवरून जाणारी रेल्वे १८६१ पासूनच धावत होती, आणि कोट्टक्कलहून तिरूर फार लांब नाही. रस्ता तयार होता. त्या रस्त्याने जाण्याजोगी वस्तू केरळच्या वैद्यकात तयार झाली नव्हती.

केरळच्या चिकित्सेचा भर काढे, तेले आणि तुपे यांवर. आसवे व अरिष्टे आंबवलेली असल्याने टिकतात. काढा टिकत नाही, आणि वैद्याची निम्मी योजना काढ्यावर उभी असते. वारियरांनी काढे टिकाऊ स्वरूपात तयार करून बाटलीत द्यायला सुरुवात केली. आज केरळीय काढ्याची बाटली घेणारा रुग्ण सुमारे पंधरा मिलिलीटर काढ्यात तिप्पट-चौपट उकळून गार केलेले पाणी मिसळून घेतो, तेव्हा दोन तासांची चूल त्या एका झाकणभर मापात आलेली असते. व्यवसायाच्या भाषेत याला नवे उत्पादन म्हणतील. मला ती उपचारातील सुधारणा वाटते, कारण औषध बदललेले नाही, योग, म्हणजे द्रव्यांचा ठरलेला पाठ, बदललेला नाही. रुग्णाला ते नियमाने घेता येईल की नाही, ही गोष्ट बदलली.

त्याच वर्षी, १९०२ मध्ये, त्यांनी आर्य वैद्य समाजम् ही वैद्यांची संघटनाही उभी केली. दुकान आणि संघटना एकाच वर्षी सुरू होणे हा योगायोग मानता येत नाही. तयार औषध विकणारा माणूस परिसरातील प्रत्येक वैद्याचा प्रतिस्पर्धी होऊ शकतो किंवा पुरवठादार होऊ शकतो. वैद्यांना एकत्र बोलावून, त्यांच्या परिषदा भरवून, त्यांनी दुसरा पर्याय निवडला. इतर वैद्य कोट्टक्कलचे औषध लिहून देऊ लागले तर रुग्ण त्यांचाच राहतो आणि औषधाची खात्रीही मिळते, अशी ती मांडणी होती. आपल्याकडे शंकर दाजीशास्त्री पदे यांच्या प्रयत्नांतून १९०७ मध्ये नाशिकला आयुर्वेद महासंमेलनाची स्थापना झाली. देशाच्या दोन टोकांना त्याच दशकात तीच गरज जाणवत होती, हे येथे ध्यानात घेण्याजोगे आहे.

न भेटलेल्या रुग्णाची जबाबदारी

आता या प्रकरणाच्या गाभ्याशी येऊ. जोवर वैद्य यादी देत होता तोवर प्रत्येक औषधामागे एक भेट होती. नाडी पाहिलेली, प्रकृती विचारलेली, पथ्य सांगितलेले. औषध बाटलीत गेल्याबरोबर ती भेट ऐच्छिक झाली. दूरच्या गावातील माणूस शेजाऱ्याच्या सांगण्यावरून तीच बाटली मागवू शकत होता, आणि त्याचा संधिवात शेजाऱ्याच्या संधिवातासारखा होता की नाही हे कोणी तपासलेले नव्हते. आयुर्वेदाचा सारा डोलारा दोष, दूष्य (दोषांमुळे बिघडणारे शरीरघटक), देश, काल, बल, वय यांच्या विचारावर उभा असताना हा धोका किरकोळ नाही. तयार औषधांना परंपरागत वैद्यांकडून होणारा आक्षेप मुख्यतः हाच असतो, आणि तो प्रामाणिक आक्षेप आहे.

वारियरांनी या आक्षेपाला वादाने उत्तर दिल्याचे दिसत नाही. त्यांच्या कामातून मात्र उत्तर दिसते. त्यांनी औषधांची सूची काढली ती केवळ नावे आणि किमती यांची नव्हती. कोणते औषध कोणत्या अवस्थेत, किती मात्रेत, कोणत्या अनुपानाबरोबर (दूध, मध अशा कशाबरोबर) घ्यावे, हे सांगणारे त्यांचे ‘चिकित्सासंग्रहम्’ हे मल्याळम पुस्तक या दृष्टीने पाहण्याजोगे आहे. घराण्याघराण्यांत राखून ठेवलेले ज्ञान छापून कोणाच्याही हाती देणे हा त्या काळी धाडसाचा भाग होता. गुप्तता हेच ज्यांचे भांडवल, त्यांना ते आवडण्यासारखे नव्हते. आजही ‘आमचा खास फॉर्म्युला’ या शब्दांवर कितीतरी दवाखाने चालतात. वारियरांनी योग उघड केले आणि तरीही ग्राहक कोट्टक्कललाच येत राहिला, कारण योग माहीत असणे आणि तो नीट सिद्ध करता येणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

१९०३ मध्ये त्यांनी ‘धन्वंतरि’ हे मल्याळम मासिक सुरू केले आणि ते दोन दशकांहून अधिक काळ चालवले. मासिकाने औषधांची माहिती दूरवर नेली हे उघडच आहे, पण एवढ्या काळ चालणारे वैद्यकीय मासिक केवळ जाहिरातीवर तग धरत नाही. त्यात वैद्यकावरचे लेखन होते आणि वैद्यांना उद्देशून केलेली चर्चा होती. वाचणारा माणूस रुग्ण होण्याच्या आधीच आयुर्वेदाची भाषा शिकत होता. पथ्य म्हणजे काय, औषध उपाशीपोटी का घ्यायचे, तेल कोमट का करायचे, हे ज्याला आधीच ठाऊक आहे तो न भेटलेला असला तरी अनोळखी राहत नाही. प्रसिद्धी आणि शिक्षण यांचा असा मेळ जमला की खर्च एकाच गोष्टीवर होतो आणि फळ दोन्हींचे मिळते.

पत्राने सल्ला देण्याची परंपराही कोट्टक्कलला रुजली. पुढे संस्थेचे प्रमुख झालेले पी. के. वारियर यांच्या काळात रुग्णांच्या पत्रांना उत्तरे देणे हा त्यांच्या नित्यक्रमाचाच भाग होता. लक्षणे लिहून पाठवणारा माणूस समोर नसतो, नाडी हाती नसते, पण किमान कोणीतरी वाचून, विचार करून औषध ठरवतो. बाटली आणि भेट यांच्यामधल्या रिकाम्या जागेत हे पत्र बसले. पुढे शाखा निघाल्या तेव्हा त्या जागेत वैद्य बसला. कोट्टक्कलच्या शाखेत आणि साध्या औषधाच्या दुकानात हाच मोठा फरक राहिला.

या मालिकेतील सर्वांत महाग आणि सर्वांत सावकाश फळ देणारा निर्णय पाठशाळेचा. १९१७ मध्ये समाजमच्या वतीने कोझिकोड येथे आयुर्वेद पाठशाळा सुरू झाली आणि १९२४ मध्ये ती कोट्टक्कलला आली. तेथील आजचे आयुर्वेद महाविद्यालय त्याच परंपरेतले. पाठशाळेसाठी त्यांनी स्वतः ‘अष्टांगशारीरम्’ हा संस्कृत ग्रंथ रचला. तो १९२५ मध्ये प्रसिद्ध झाला. शरीररचनेचे आधुनिक ज्ञान संस्कृत श्लोकांत आणण्याचा तो प्रयत्न म्हणजे मंजेरीच्या डॉक्टरांकडे घालवलेल्या वर्षांचे ऋण होते असे मला वाटते. गुरुगृही एका वेळी मोजकेच शिष्य तयार होत. आपल्या औषधांचा योग्य वापर करू शकणारे वैद्य ज्या वेगाने तयार होतील त्या वेगानेच औषधांचा व्यवसाय सुरक्षितपणे वाढू शकतो, आणि हे नाते पुष्कळ औषध कंपन्यांनी पुढे तोडले, त्याचे दुष्परिणाम आपण पाहत आहोत.

गावातील पत

दूरच्या रुग्णाचा विश्वास छापील कागदावर बसतो, पण त्या कागदामागची पत गावात तयार होते. कोट्टक्कल ज्या भागात आहे तो आजचा मलप्पुरम जिल्हा मुस्लिमबहुल आहे. १९२१ मध्ये या परिसरात मोपल्यांचा, म्हणजे मलबारी मुसलमानांचा, उठाव झाला, हिंसाचार उसळला आणि त्यानंतरची सरकारी दडपशाहीही तितकीच कठोर होती. त्या दिवसांत वारियरांनी संकटात सापडलेल्यांना धर्म न पाहता आश्रय व मदत दिली, याची आठवण तेथे जपली गेली आहे. त्यांच्या ‘कैलासमंदिरम्’ या निवासस्थानावर हिंदू, इस्लाम आणि ख्रिस्ती या तिन्ही धर्मांची चिन्हे एकत्र कोरलेली आहेत. देवळाच्या सेवेतील कुटुंबात वाढलेल्या माणसाच्या घरावर ती असणे हे त्या काळात आणि त्या प्रदेशात स्पष्ट बोलणे होते.

१९२४ मध्ये त्यांनी धर्मादाय रुग्णालय सुरू केले. गरिबांना तेथे विनामूल्य उपचार मिळू लागले, आणि या रुग्णालयात आयुर्वेदाबरोबर पाश्चात्त्य वैद्यकाचाही विभाग आहे. आपल्या पद्धतीच्या मर्यादा जेथे संपतात तेथून रुग्णाला पुढे कोठे पाठवायचे, याची सोय आपल्याच आवारात असणे ही पर्यायी वैद्यकाच्या संस्थेत क्वचित आढळणारी गोष्ट. व्यवसायाच्या हिशोबाने धर्मादाय रुग्णालय म्हणजे खर्चच. परंतु वैद्यांना शिकण्यासाठी रुग्ण तेथे मिळाले, औषधांचे परिणाम रोजच्या रोज डोळ्यांसमोर राहिले, आणि जे कुटुंब कधी बाटली विकत घेऊ शकणार नव्हते त्याच्याशीही संस्थेचे नाते जुळले.

कलेच्या बाबतीत थोडक्यात सांगतो. १९०९ मध्ये त्यांनी नाटक मंडळी काढली, आणि पुढे त्यातून कथकलीला वाहिलेला पीएसव्ही नाट्यसंघम् उभा राहिला. याला प्रसिद्धीचे साधन म्हणणे अन्यायाचे होईल. त्यांना नाटकाची आणि संगीताची मनापासून ओढ होती. मात्र गावोगावी नाटक घेऊन जाणाऱ्या मंडळीबरोबर तिच्या आश्रयदात्या वैद्याचे नावही जात असणार, हे नाकारण्याचेही कारण नाही. १९३३ मध्ये सरकारने त्यांना ‘वैद्यरत्नम्’ ही पदवी दिली. देशी वैद्यकाला दुय्यम मानणाऱ्या सत्तेकडूनच ती आली, एवढे नोंदवून पुढे जाऊ.

माणूस गेल्यावर

वैद्याच्या व्यवसायाची खरी परीक्षा त्याच्या मृत्यूनंतर होते. नाव वैद्याचे, हात वैद्याचा, रुग्णाचा विश्वास वैद्यावर. तो गेला की दवाखाना बंद, ही आपल्याकडची नेहमीची गोष्ट. ३० जानेवारी १९४४ रोजी वारियरांचे निधन झाले, पण त्यापूर्वीच त्यांनी मृत्युपत्र करून संस्थेचे रूपांतर विश्वस्त संस्थेत होईल अशी तरतूद केली होती. वैद्य शालेचे उत्पन्न, धर्मादाय रुग्णालय, पाठशाळा, नाट्यसंघ आणि कुटुंब यांचा एकमेकांशी संबंध कसा राहील, हे त्यात ठरवून दिलेले होते. संस्था कोणा एका वारसाच्या मालकीची राहिली नाही, आणि कुटुंबही वाऱ्यावर सुटले नाही. मातृवंशीय पद्धतीच्या त्या कुटुंबात कारभार भाच्याकडे, पी. माधव वारियर यांच्याकडे गेला.

माधव वारियर १९५३ मध्ये विमान अपघातात मृत्यू पावले. दहा वर्षांच्या आत दुसऱ्यांदा संस्था नेत्याला मुकली. कारभार त्यांचे धाकटे बंधू पी. के. वारियर यांच्याकडे आला. १९४२ च्या चळवळीसाठी शिक्षण अर्धवट सोडलेला आणि पुन्हा परतून वैद्यक पूर्ण केलेला हा तरुण पुढे साठ वर्षांहून अधिक काळ संस्थेच्या प्रमुखपदी राहिला. २०२१ मध्ये, वयाची शंभरी गाठून, त्यांचे निधन झाले. १९९९ मध्ये पद्मश्री आणि २०१० मध्ये पद्मभूषण हे सन्मान त्यांना मिळाले होते. लागोपाठचे दोन धक्के सोसून संस्था उभी राहिली, याचे श्रेय मृत्युपत्रातील व्यवस्थेला द्यावे लागेल, आणि तितकेच त्या घरात वैद्यक शिकलेली दुसरी-तिसरी फळी तयार होती याला.

पी. के. वारियर यांच्या काळातील एक बदल आपल्या धाग्याशी थेट जोडलेला आहे. त्यांच्या कारकिर्दीत काढे गोळीच्या रूपात आले. बाटलीने चूल वाचवली होती. गोळीने बाटलीचे ओझे, गळती आणि कडवटपणा यांतून सुटका केली. प्रवासात असलेला, परदेशी राहणारा, चव सहन न होणारा रुग्ण आता औषध नियमाने घेऊ लागला. पण त्याच काळात संस्थेने राहून उपचार घेण्याचे रुग्णालयही वाढवले. पिळिच्चिल (अंगावर कोमट तेल पिळणे), धारा (तेलासारख्या द्रवाची संततधार धरणे), नवरकिळी यांसारखे केरळीय उपचार कोणत्याही बाटलीत किंवा गोळीत घालता येत नाहीत. दुधात आणि बलामूळाच्या काढ्यात शिजवलेल्या नवरा भाताची पुरचुंडी हाताने अंगावर फिरवायला प्रशिक्षित माणसेच लागतात, आणि रुग्णाला तेथे जाऊन राहावेच लागते. एकीकडे न भेटणाऱ्या रुग्णासाठी औषध अधिकाधिक सोपे करत जाणे आणि दुसरीकडे भेटीशिवाय ज्याला काही अर्थच नाही असा उपचार वाढवणे, ही दोन्ही कामे एकाच वेळी चालली. दीर्घकाळ टिकलेल्या आयुर्वेदीय संस्थांमध्ये हा तोल साधलेली उदाहरणे मोजकी आहेत.

महाराष्ट्रातील आजच्या वैद्यासाठी

हे प्रकरण जसेच्या तसे उचलून आज पुण्यात किंवा कोल्हापुरात लावता येणार नाही, आणि त्यातील पहिली अडचण कायद्याची आहे. वारियरांनी आरंभ केला तेव्हा औषधांच्या जाहिरातीवर आजच्यासारखे बंधन नव्हते. १९५४ च्या औषधे व जादूई उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायद्याने मधुमेह, कर्करोग यांसारख्या अनेक विकारांवर औषधाची जाहिरात करण्यास मनाई आहे. आयुर्वेदीय औषधे बनवून विकायची तर १९४० च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याखाली परवाना लागतो. वैद्याने स्वतःच्या रुग्णासाठी औषध तयार करणे मात्र या परवान्याच्या अटीतून वगळलेले आहे.

या एका सवलतीत कोट्टक्कलचा सारा प्रश्न पुन्हा उभा राहतो. समजा, एखाद्या बी.ए.एम.एस. वैद्याने आपल्या रुग्णासाठी तेल सिद्ध केले, रुग्णाला गुण आला, त्याने समाजमाध्यमावर लिहिले, आणि दुसऱ्या आठवड्यात चार अनोळखी माणसांनी मोबाईलवर निरोप पाठवून तेच तेल कुरिअरने मागवले. ही चार माणसे त्या वैद्याचे रुग्ण आहेत काय? त्यांची तपासणी झाली, निदेशपत्र (प्रिस्क्रिप्शन) लिहिले गेले, नोंद ठेवली गेली, तर होय. केवळ पैसे आले आणि बाटली गेली, तर तो वैद्य त्या क्षणी औषधविक्रेता झाला, आणि परवान्याशिवायचा. २०२० मध्ये आयुष वैद्यांसाठी दूरचिकित्सेची मार्गदर्शक तत्त्वे आल्यापासून दुरून सल्ला देण्याची रीतसर वाट उपलब्ध आहे. वारियरांच्या काळात जे काम पत्र करत होते ते आज व्हिडिओ कॉल करू शकतो, मात्र औषध पाठवण्याआधी तो झाला पाहिजे.

वैद्याने पहिल्या वर्षी काय करावे, याबद्दल माझे मत या प्रकरणावरून असे झाले आहे की आपल्याकडे येऊन परत न आलेल्या रुग्णांची विचारपूस करावी. ते बरे झाले म्हणून आले नाहीत, की दूध, तूप, पथ्य, चार वेळच्या पुड्या आणि महिन्याचा खर्च यांपैकी कशातरी पाशी अडकले? वारियरांना मलबारच्या घरांतील चूल दिसली. नोकरी करणाऱ्या जोडप्याच्या घरी आज काय आडवे येते, हे प्रत्येक शहरात आणि प्रत्येक वस्तीत निराळे असेल. सकाळी सातच्या लोकलने निघणाऱ्या बाईला रसायनकाळी, म्हणजे पहाटे उपाशीपोटी, औषध घ्या असे सांगणे सोपे. ते तिला कसे जमेल याचा तोडगा सांगणे हे वैद्याचे काम. त्या तोडग्यावर रुग्ण टिकतो, आणि टिकलेल्या रुग्णाच्या तोंडून होणाऱ्या प्रसिद्धीला कोणत्याही कायद्याची आडकाठी नाही.

दुसरी गोष्ट लिहिण्याची. आपल्या चिकित्सेतील साध्या बाबी, म्हणजे ऋतुचर्या, पथ्य, कोणत्या लक्षणात घरगुती उपाय न करता तातडीने रुग्णालय गाठावे, याविषयी स्वच्छ मराठीत नियमाने लिहिणारा वैद्य त्याच्या गावातील ‘धन्वंतरि’ चालवत असतो. लिहिताना रोग बरा करण्याची हमी दिली की लेखाची जाहिरात होते, कायदा आडवा येतो, आणि वाचकही दुसऱ्यांदा विश्वास ठेवत नाही. छातीत दुखते आहे, एका बाजूची शक्ती गेली आहे, लहान मुलाचा ताप उतरत नाही, अशा वेळी माझ्याकडे येण्यात वेळ घालवू नका, असे ज्याने आधीच लिहून ठेवले आहे त्याच्या बाकीच्या सल्ल्याचे वजन वाढते.

तिसरी गोष्ट तयार औषधांच्या निवडीची. बहुतेक तरुण वैद्य स्वतः औषध बनवत नाहीत. कंपन्यांची औषधे लिहून देतात. त्यात गैर काही नाही, वारियरांचा व्यवसाय अशाच वैद्यांवर वाढला. पण लेबलवरचा योग वाचणे, ग्रंथोक्त योग आणि कंपनीचा स्वतःचा मिश्र योग यांतील फरक ओळखणे, बॅच क्रमांक व मुदत रुग्णाच्या नोंदीत लिहिणे, आणि धातू, खनिजे व पारा यांपासून केलेली भस्मे किंवा रसौषधी देताना रुग्णाची मूत्रपिंडे व यकृत यांची तपासणी करून घेणे, हे काम कंपनी करणार नाही. बाटली कोणाचीही असो, रुग्णाला काही अपाय झाला तर तो फोन वैद्यालाच करणार आहे, आणि तो फोन घेण्याची तयारी ज्याची नाही त्याने ती बाटली लिहून देऊ नये.